पुसलेले एकोणीस

मी एक जुना फळा आहे. तीन पायांच्या तिकाटण्यावर उभा राहणारा, लाकडी, काळा. काळा म्हणजे एकेकाळी काळा. आता कोणी मला राखाडी म्हटले तर मी भांडायला जात नाही. माझ्या एका कोपऱ्याचा टवका उडालेला आहे. मधोमध एक आडवी सांध आहे, कारण सुताराने मला दोन रुंद फळ्या जोडून केले. त्या सांधीचा उपयोग सर नेहमी करून घेत. अपूर्णांक लिहायचा झाला की वरचा आकडा सांधीच्या वर, खालचा खाली. वेगळी रेघ मारायला नको.

मित्रांनो, फळ्याने आपली हकीकत सांगावी हे जरा नवलच. आमच्यावर जे लिहितात ते तासाभरात पुसण्यासाठीच असते, त्यामुळे आम्हाला काही लक्षात राहत नाही असा लोकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. मी एकतीस वर्षे शाळेत आणि पुढे दहा वर्षे एका घरात काढली आहेत आणि ढीगभर गणिते अंगावर वागवली आहेत. मला वेळ-काम-वेग येतो, वयांची गणिते येतात, टाकीत येणारे आणि टाकीतून जाणारे पाणी येते. ती टाकी कोणी नीट दुरुस्त का करत नाही, हे मात्र मला शेवटपर्यंत कळले नाही.

मी शाळेत रुजू झालो त्याच आठवड्यात आमचे सरही रुजू झाले. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते, काडीसारखे बारीक, आणि आवाज मात्र तीन वर्गांपलीकडे जाणारा. गणित सोडवण्याची त्यांची रीत ठरलेली होती. आधी 'समजा' लिहायचे. मग क्ष कोण ते सांगायचे. मग समीकरण. त्यानंतर एका ओळीत एकच पायरी, आणि बरोबरच्या चिन्हाखाली बरोबरचे चिन्ह. कोणी दोन पायऱ्या एका ओळीत उरकल्या की सरांचा राग नाकावर येई. मुलांनी त्यांचे नाव 'पायरीसर' ठेवले होते. सरांना ते ठाऊक होते, आणि मनातून आवडतही होते.

संभाव्यता शिकवायची असली की ते एक कापडी पिशवी आणत. पडद्याच्या उरलेल्या कापडाची. तिच्यात पाच लाल आणि पंधरा पांढऱ्या गोट्या. पिशवीत हात घालून एक गोटी काढायची, सगळ्या वर्गाला दाखवायची, परत आत टाकायची, पिशवी हलवायची, पुन्हा काढायची. मुले श्वास रोखून बघत. त्या तासाला मागच्या बाकावरही कोणी झोपत नसे, यावरून काय ते समजा.

एकदा तपासणीसाठी मोठे अधिकारी आले. ते दहा मिनिटे दाराशी उभे राहिले आणि शेऱ्याच्या वहीत लिहून गेले की, या फळ्याकडे पाहिल्यावर तास अर्धा संपल्यावर आलेल्या माणसालाही गणित समजेल. सरांनी तो शेरा शिक्षकांच्या खोलीत दोनदा वाचून दाखवला. पण त्यात स्तुती माझी होती, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

पुढे भिंतीवर गुळगुळीत पांढरे फळे आले आणि माझी रवानगी मोडक्या बाकांच्या खोलीत झाली. दोन वर्षे मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. निवृत्तीच्या दिवशी सरांना भेट म्हणून काय हवे असे विचारले, तेव्हा त्यांनी मला मागितले. सगळे हसले. मुख्याध्यापिकाबाईंनी मात्र लगेच होकार दिला, कारण तेवढीच एक जागा रिकामी होत होती.

सरांचे घर तीन खोल्यांचे. सरांच्या पत्नीला जाऊन बरीच वर्षे झाली होती. घरात सर, त्यांचा मुलगा आणि सून. मुलगा बस चालवतो. बापलेकांत भांडण असे नव्हते, पण बोलणे हवापाण्यापलीकडे जात नसे. मला मधल्या खोलीत खिडकीजवळ उभे केले, आणि शिकवायला कोणी नसल्यामुळे मी हळूहळू घरातली एक खुंटी झालो. सूनबाई माझ्या तिकाटण्यावर ओले मोजे वाळत घाली. सर काही न बोलता ते उचलून दोरीवर टाकत. दुसऱ्या दिवशी मोजे पुन्हा माझ्यावर. असे कित्येक महिने चालले आणि त्यावर कोणीच काही बोलले नाही. त्या घराची रीतच तशी होती.

आता सूनबाईविषयी सांगतो, कारण ही गोष्ट खरी तिची आहे. ती विजेचे दिवे बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काम करते. वीस दिव्यांचे खोके समोर येते. त्यातला एक दिवा काढायचा, होल्डरमध्ये बसवायचा, बटण दाबायचे, उजेड बघायचा. मग त्याच्यावर शिक्का मारून तो बाजूच्या ट्रेमध्ये ठेवायचा आणि खोक्यातला दुसरा दिवा काढायचा. चौदा वर्षे ती हे काम डोळ्यांत तेल घालून करत आली. तिच्या डोक्यावर दोन वेळा बाहेरून पर्यवेक्षक आणून बसवले, आणि दोघांनाही काम तिनेच शिकवले. त्यांच्याजवळ दहावीचा दाखला होता, तिच्याजवळ नव्हता.

म्हणून ती बाहेरून दहावीला बसली. बाकीचे सगळे विषय पहिल्या फटक्यात सुटले, गणित तीनदा राहिले. आता त्यांतले दुसरे पर्यवेक्षक वर्षअखेरीस निवृत्त होणार होते. मॅनेजरने तिला बोलावून सरळ सांगितले होते की, या खेपेला पास झालीस तर ती खुर्ची तुझी, नाहीतर मला पुन्हा बाहेरचा माणूस घ्यावा लागेल. म्हणजे आणखी एकाला काम शिकवायचे आणि त्याच्याच हाताखाली राबायचे.

एवढे सगळे होऊनही तिने सासऱ्यांना शिकवा म्हणून म्हटले नाही, आणि सरांनीही शिकवू का असे विचारले नाही. ती विचारायला घाबरत होती, ते विचारण्याची वाट बघत होते. शेवटी एके दिवशी सकाळी मुलाने कोणाकडेही न बघता म्हटले, "या घरात एक गणिताचे मास्तर आहेत आणि एक गणितात नापास आहे. दोघं एकाच किटलीतला चहा पितात. कमाल आहे."

त्याच दिवशी दुपारी सरांनी माझ्यावरचे मोजे काढले, मला ओल्या फडक्याने स्वच्छ पुसले आणि खिशातून खडू काढला. तो खडू त्यांनी दहा वर्षे कुठे जपून ठेवला होता कोण जाणे.

पहिली पाळी संपवून सूनबाई तीनला घरी येई. चार ते पाच अभ्यास. पहिल्याच दिवशी सरांनी माझ्यावर लिहिले: एका वर्गातील मुलींची संख्या मुलांच्या दुपटीपेक्षा पाचने कमी आहे. वर्गात एकूण पंचावन्न विद्यार्थी आहेत, तर मुले किती?

सरांचा खडू खाली ठेवून व्हायच्या आत ती म्हणाली, "वीस."

सर चमकले. कसे काढलेस, असे त्यांनी विचारले. ती म्हणाली की, कमी केलेले पाच परत घातले की साठ होतात, साठाचे तीन सारखे वाटे, त्यातला एक वाटा मुलांचा. सरांना यात बोट ठेवायला जागा सापडली नाही. त्यांनी फक्त तिच्या हातात खडू दिला आणि हेच लिहून दाखव म्हणाले. तिने लिहिले: मुले वीस. आणि खडू परत दिला.

तेव्हा कळले की तीनदा पाणी कुठे मुरत होते. तिची उत्तरे बहुतेक बरोबर येत आणि कागदावर उत्तराखेरीज काहीच नसे.

"उत्तर बरोबर आहे ना, अण्णा?" तिने विचारले. ती सासऱ्यांना अण्णा म्हणते.

"बरोबर आहे. पण परीक्षक तुझ्या डोक्यात बसलेला नसतो. त्याच्यापुढे फक्त कागद असतो."

मग तिने आपल्या कारखान्याचे सांगितले. तिथे खोके एका टेबलावरून दुसऱ्यावर जाते तेव्हा प्रत्येक टेबलाची सही त्याच्या चिठ्ठीवर लागते. एक सही नसली तर माल कितीही चांगला असो, दाराबाहेर जात नाही. म्हणजे पायरी ही तशीच सही म्हणायची का, असे तिने विचारले. सरांनी एकतीस वर्षांत पायरीचे महत्त्व नाना परींनी सांगितले होते, पण हे त्यांना सुचले नव्हते. ते म्हणाले, "तशीच."

मग गाडी रुळावर आली. समजा मुले क्ष. मुली दोन क्ष वजा पाच. क्ष अधिक दोन क्ष वजा पाच बरोबर पंचावन्न. तीन क्ष बरोबर साठ. क्ष बरोबर वीस. शेवटी ताळा: वीस आणि पस्तीस मिळून पंचावन्न. ती प्रत्येक ओळीपुढे बारीक टिंब देई, सही केल्यासारखे. महिन्याभरात वयांची, वेगाची, दोन अंकी संख्यांची गणिते तिने पायऱ्यांसकट हातावेगळी केली. सर कोणाची तोंडावर तारीफ करत नाहीत, पण त्या दिवसांत त्यांचा आवाज पुन्हा तीन वर्गांपलीकडे जाऊ लागला. मलाही बरे वाटत होते, हे मी लपवत नाही.

परीक्षेला बारा दिवस राहिले तेव्हा संभाव्यता आली. सरांनी आपला नेहमीचा प्रश्न माझ्यावर वरच्या बाजूला लिहिला: एका पिशवीत पाच लाल आणि पंधरा पांढऱ्या गोट्या आहेत. त्यातून एकापाठोपाठ एक अशा दोन गोट्या काढल्या. दोन्ही लाल असण्याची संभाव्यता किती?

पिशवी त्यांनी कपाटातून काढलीच नाही. मोठ्या माणसाला पिशवी कशाला दाखवायची, असे त्यांना वाटले असावे.

सूनबाईने सावकाश, एकेक पायरी लिहीत गणित सोडवले. पहिली लाल असण्याची संभाव्यता पाच छेद वीस. दुसरी लाल असण्याची चार छेद एकोणीस. दोन्हींचा गुणाकार वीस छेद तीनशे ऐंशी. म्हणजे एक छेद एकोणीस. चार ओळी, चार टिंबे.

सरांना उत्तर पाठ होते. एक छेद सोळा. त्यांनी तिची फक्त शेवटची ओळ पाहिली आणि डस्टर उचलले. चारही ओळी एका हाताने पुसल्या आणि म्हणाले, "तीनदा नापास का झालीस ते आज कळलं."

बोलून गेल्यावर त्यांना ते लागले असणार, कारण ते लगेच खिडकीबाहेर बघू लागले. सूनबाईने हाताला लागलेला खडू धुतला आणि ती स्वयंपाकघरात गेली. दुसऱ्या दिवशी चार वाजता ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. परीक्षेचे प्रवेशपत्र तिने कपाटात कपड्यांखाली सरकवले आणि नवऱ्याला सांगितले की, सोमवारी मॅनेजरला सांगून टाकते, माझ्या डोक्यात गणित शिरायचे नाही, तुम्ही तुमचा माणूस बघा. नवऱ्याने समजावून पाहिले. ती बधली नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या फळ्यावर कोरडे डस्टर फिरवले तर अक्षर पुरते जात नाही. रंग झिजलेला असतो, खडू लाकडाच्या रेषांत बसतो. समोरून बघाल तर काही दिसणार नाही, पण बाजूने ऊन आले की पुसट आकडे उमटतात. चौथ्या दिवशी सकाळी सर माझ्याजवळ खुर्चीत बसले होते. हातात वर्तमानपत्र होते, पण पान उलटत नव्हते. खिडकीतून ऊन तिरपे आले आणि त्यांची नजर सांधीखालच्या एका आकड्यावर गेली. एकोणीस.

आधी त्यांना वाटले की वजाबाकी चुकली असेल. पण वजाबाकी कुठली, त्यांच्या उत्तरात तर दोन्ही वेळा वीसच होते? ते उठले, कपाटातून पिशवी काढली आणि हात घालून एक गोटी बाहेर घेतली. सवयीने त्यांचा हात ती परत टाकायला निघाला आणि पिशवीच्या तोंडाशी थांबला. या खेपेला त्यांनी गोटी मुठीत धरून ठेवली आणि पिशवीतल्या उरलेल्या गोट्या टेबलावर ओतून मोजल्या. एकोणीस भरल्या. मग त्यांनी माझ्या वरच्या बाजूचा आपला प्रश्न वाचला. पुन्हा वाचला. चष्मा पुसून वाचला. 'पहिली गोटी परत पिशवीत टाकली' असे त्यात कुठेही नव्हते.

सुरुवातीच्या वर्षांत ते वाक्य सर लिहीत असत, मला आठवते. मग केव्हातरी घंटा व्हायला आली होती, जागा कमी होती, वर्गाने तर सरांना गोटी परत टाकताना डोळ्यांनी पाहिले होते. म्हणून ते वाक्य गळले. पुढच्या वर्षीही गळले. मग ते चाचणीच्या कागदावरूनही गळले आणि सरांना कधी पत्ताच लागला नाही. उत्तर मात्र जुनेच राहिले, गोटी परत टाकली तर येणारे. पायरी सोडू नका म्हणून जन्मभर कानीकपाळी ओरडणाऱ्या माणसाने स्वतः प्रश्नातली पहिली पायरी सोडली होती. मी तरी काय वेगळे केले? तो प्रश्न वर्षानुवर्षे अंगावर घेऊन उभा होतो, आणि मलाही कळले नाही.

सूनबाईची त्या दिवशी सुट्टी होती. मुलगा दारात बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. सरांनी तिला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली आणि माझ्यापासून दोन हात लांब उभी राहिली.

"तू एकोणीस का लिहिलंस?" सरांनी विचारले. आवाज अगदी लहान होता.

"एक काढल्यावर एकोणीसच राहतात ना, अण्णा. आमच्याकडे तपासलेला दिवा परत खोक्यात टाकत नाहीत. टाकला तर कुठला तपासला आणि कुठला नाही ते कसं कळणार?"

"प्रश्नात परत टाका असं लिहिलंय का?"

तिने प्रश्न वाचला. "नाही."

"मग तुझं बरोबर आहे. चूक माझी आहे. मी पायऱ्या न वाचता पुसल्या, आणि बोललो तेही चुकीचं बोललो."

तेवढ्यात दारातून मुलगा म्हणाला, "मी पण एकोणीसच लिहिलं होतं, बाबा. नववीत. अठ्ठावीस वर्षं झाली."

त्याच्या आवाजात राग नव्हता. नाडी बांधून तो उठला आणि कामावर गेला. सर हातातल्या गोटीकडे बघत राहिले. मुलगा तेव्हा सरांच्याच वर्गात होता, पण वर्गात गोट्या काढून दाखवल्या त्या आठवड्यात तो तापाने घरी होता. त्याने हात परत पिशवीत जाताना पाहिलाच नव्हता. त्याच्यापुढे फक्त लिहिलेला प्रश्न होता. त्या चाचणीनंतर त्याने गणिताच्या पुस्तकाला फारसा हात लावला नाही, आणि मास्तरांचा मुलगा गणितात कच्चा म्हणून शाळेत सगळे हळहळले.

त्या दिवसापासून सरांनी पायऱ्यांच्या आधी एक पायरी वाढवली. प्रश्न मोठ्याने वाचायचा. गोटी परत टाकली की नाही टाकली, त्या शब्दांखाली रेघ मारायची. लिहिलेच नसेल तर आपण काय धरून चाललो ते 'समजा' म्हणून पहिल्या ओळीत सांगायचे. कधी सूनबाई वाचे, कधी सर वाचत, आणि चुकले की ती त्यांनाही थांबवी. उरलेले आठ दिवस दोघांनी अशी किती गणिते केली त्याचा हिशेब मी ठेवला नाही. प्रवेशपत्र कपड्यांखालून निघाले आणि टेबलावर आले. सोमवारी तिने मॅनेजरला काही सांगितले नाही.

परीक्षेहून आल्यावर तिने पर्स खाली ठेवण्याआधी खडू घेतला आणि आठवून माझ्यावर लिहिले. दहा पेनांपैकी चार निळी, एक काढून पाहिले आणि परत ठेवले, मग पुन्हा एक काढले, तर दोन्ही निळी असण्याची संभाव्यता किती? तिचा हात सवयीने नऊ लिहायला निघाला होता, असे तिने सांगितले. मग 'परत ठेवले' या शब्दांखाली मारलेली रेघ दिसली आणि तिने दहाच लिहिले. चार छेद दहा गुणिले चार छेद दहा, म्हणजे चार छेद पंचवीस. एका दुसऱ्या गणितात मात्र तिने वजाच्या जागी अधिक केले होते. सरांनी ते पाहिले, पण डस्टरला हात लावला नाही. हे कसे आणलेस, असे त्यांनी विचारले, तेव्हा तिनेच चूक शोधून काढली आणि जीभ चावली.

निकाल दीड महिन्याने, वर्ष सरता सरता लागला. शंभरपैकी एकसष्ट. दुसऱ्याच दिवशी मॅनेजरने तिला पर्यवेक्षकाच्या टेबलाशी नेऊन बसवले, आणि पहिल्यांदाच नव्या पर्यवेक्षकाला काम शिकवायची पाळी तिच्यावर आली नाही.

निकालाच्या संध्याकाळी मुलगा ड्यूटीवरून आला, बायकोचा कागद बघितला, तिच्या पाठीवर थाप मारली आणि खुर्चीत बसला. सर त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. इतके दिवस ते या बोलण्याची जुळवाजुळव करत होते. खोलीत कोणी नसताना त्यांनी माझ्यासमोर चारदा सुरुवातही करून पाहिली होती.

"तुझा तो पेपर," ते म्हणाले. "आता सापडायचा नाही."

"नाही सापडणार. जाऊ दे, बाबा. मला बस चालवायला आवडतं. माझं काही वाटोळं झालेलं नाही." त्याने वाकून बुटाची नाडी सोडली. "पण तो पेपर घेऊन मी तुमच्याकडे आलो होतो. तुम्ही म्हणालात, आधी पायऱ्या शीक. पायऱ्या लिहिल्या होत्या मी."

सरांनी आठवून पाहिले. "मला आठवत नाही," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका उतरला की माझ्याने बघवेना. मग त्यांनी मान वर केली. "बरोबर होतं तुझं. पाचपैकी पाच."

मुलाने मान हलवली. तोंड धुऊन येतो म्हणून तो आत गेला, आणि नळ बराच वेळ वाहत राहिला.

मित्रांनो, मला रंगाचा एक हात दिलात तर मी आणखी काही वर्षे चालेन. नाही दिलात तरी तक्रार नाही. ओले फडके फार वापरू नका, लाकूड फुगते. मोजे दोरीवर वाळत घाला. पण कोणी माझ्यावर गणित सोडवले आणि उत्तर तुमच्या उत्तराशी जुळले नाही, तर डस्टर उचलण्याआधी त्याच्या सगळ्या ओळी वरपासून वाचा आणि त्याला विचारा, हे कसे आणलेस. याला दोन मिनिटे लागतात. आमच्या सरांना अठ्ठावीस वर्षे लागली.